साहेबाच्या कमरेचे रिव्हॉल्वर

शस्त्रांचा इतिहास सांगायचा म्हटला म्हणजे आपण तलवारीपासून सुरुवात करतो आणि तोफेपाशी येऊन थांबतो. तलवारीला घराण्याचे नाव असते, तोफेला किल्ल्याचे. या दोहोंच्या मध्ये एक लहानसे शस्त्र आहे. जेमतेम वीतभर लांबीचे, कमरपट्ट्यात किंवा कोटाच्या खिशात मावणारे. पोवाड्यात त्याला जागा नाही आणि किल्ल्याच्या बुरुजावरही नाही. पण एकोणिसाव्या शतकात राज्य करणारा कोण आणि राज्य सोसणारा कोण, हे एका दृष्टिक्षेपात ओळखायचे असेल तर ते शस्त्र कोणाच्या कमरेला आहे एवढे पाहिले तरी पुरे होते. ते म्हणजे रिव्हॉल्वर. आपली जुनी माणसे त्याला सरसकट पिस्तुल म्हणत, आणि ज्यांना थोडी माहिती होती ते 'सहाबारी' म्हणत.

आज मी हा विषय आपल्या पेण-रोहे भागात उभे राहून सांगणार आहे. विलायतेत झालेल्या शोधांचा आपल्या भोगावती-कुंडलिकेच्या काठाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि बराच जवळचा आहे.

1818 सालच्या मे महिन्यात इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरने रायगड घेतला. त्याच मोहिमेत घोसाळे, तळे हे आसपासचे किल्लेही गेले. त्या वेळी इंग्रजांच्या शिपायाच्या खांद्यावर चकमकीची बंदूक होती. आपल्याकडे चकमकीच्या जोडीला अजून तोड्याच्या बंदुकाही होत्या. घोडेस्वार खोगिराशी तपंचा बाळगी. हा तपंचा म्हणजे एकनळी, एकाच बाराचे पिस्तुल. बार निघाला की त्याचे काम संपले. मग तो उलटा धरून सोट्यासारखा हाणायचा, नाही तर फेकून देऊन तलवार उपसायची. तपंचा, तोडा आणि चकमक यांचा मोठा शत्रू एकच, तो म्हणजे पाऊस. कोकणात वर्षाला शंभर इंचांहून जास्त पाऊस पडतो. तोडा भिजला की विझला आणि कानातली दारू ओली झाली की चकमक कितीही झडो, बार उडत नाही. आपल्याकडे लढाया पावसाळ्यात थांबत, त्याचे कारण नुसता चिखल नव्हता.

या अडचणीवर उपाय काढला तो एका धर्मोपदेशकाने. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फॉरसाइथ याला पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. चकमकीचा झोत आधी दिसे, बार मागाहून निघे, आणि तेवढ्या क्षणात पक्षी उडून जात. त्याने आघाताने पेटणाऱ्या रसायनाचा वापर करून बंदूक पेटवण्याची युक्ती काढली आणि 1807 साली तिचे पेटंट घेतले. पुढे हे रसायन तांब्याच्या लहानशा टोपीत भरले जाऊ लागले. नळीच्या मागच्या टोकाला एक पोकळ बोंड असते, त्यावर ही टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी थेट आतल्या दारूपर्यंत जाते. वारा नाही, झोत नाही, पावसाचे भयही पुष्कळ कमी. टोपी आली नसती तर रिव्हॉल्वर व्यवहारात आलेच नसते, हे ध्यानात ठेवावे.

त्यापूर्वी फिरत्या पेटीची पिस्तुले निघाली नव्हती असे नाही. इलायशा कोलियर नावाच्या अमेरिकनाने 1818 साली लंडनमध्ये चकमकीवर चालणाऱ्या अशा शस्त्राचे पेटंट घेतले होते आणि त्यांतली काही हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेकडे आलीही होती. 1830 साली सॅम्युअल कोल्ट नावाचा एक सोळा वर्षांचा अमेरिकन मुलगा बोस्टनहून कलकत्त्याला निघालेल्या जहाजावर खलाशी म्हणून चढला. या सफरीत त्याने फिरत्या पेटीचा लाकडी नमुना कोरला, अशी हकीगत सांगितली जाते. जहाजाचे चक्र फिरताना पाहून त्याला कल्पना सुचली म्हणतात. हिंदुस्थानात त्याने कोलियरचे शस्त्र पाहिले असावे असेही काही जण म्हणतात. ते काही असो. कोल्टने 1835 साली इंग्लंडमध्ये आणि 1836 साली अमेरिकेत पेटंट घेतले आणि रिव्हॉल्वरचा खरा जमाना सुरू झाला.

याची रचना समजायला सोपी आहे. पाच किंवा सहा भोके असलेली एक जाड लोखंडी पेटी असते. प्रत्येक भोकात दारू आणि गोळी, आणि मागच्या बाजूला प्रत्येकाला एक टोपी. अंगठ्याने घोडा मागे ओढला की पेटी एक घर फिरते आणि भरलेले भोक नळीसमोर येऊन अडकते. मग चाप दाबायचा. रहाटाचे एकेक मडके वर यावे तसा एकेक बार समोर येतो. कोल्टने 1849 साली खिशात बाळगण्याचा एक नमुना काढला. नळी तीन ते सहा इंच, वजन पाऊण किलोच्या आसपास, बहुधा पाच बार. तो इतका खपला की त्याच्या तीन लाखांहून अधिक प्रती निघाल्या. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धात शेकडो शिपाई घरून निघताना असलीच पिस्तुले बरोबर घेऊन गेले.

1851 साली लंडनला मोठे प्रदर्शन भरले. तेथे कोल्टने आपली शस्त्रे मांडली. तेथेच रॉबर्ट ॲडम्स या इंग्रज कारागिराने स्वतःचे रिव्हॉल्वर मांडले. दोघांत फरक होता तो असा. कोल्टच्या शस्त्रात प्रत्येक बाराला घोडा अंगठ्याने ओढावा लागे. नेम चांगला लागे, पण वेळ जाई. ॲडम्सच्या शस्त्रात नुसता चाप ओढला की पेटी फिरून घोडा आपोआप उचलला जाई आणि पडे. बार भराभर निघत, पण चाप जड असल्यामुळे हात हले. ब्यूमाँट नावाच्या इंजिनियर पलटणीतील लेफ्टनंटाने दोन्ही सोयी एकत्र केल्या आणि 1856 साली ते ब्यूमाँट-ॲडम्स रिव्हॉल्वर इंग्रजी सैन्याने स्वीकारले. तरी अधिकाऱ्याला शस्त्र पदरच्या पैशाने घ्यावे लागे, त्यामुळे ज्याची जशी आवड तसे त्याच्या कमरेला.

आता गोळीच्या वजनाची गोष्ट सांगतो, कारण पुढचा सगळा वाद तीवरच उभा आहे. इंग्रज बंदूकवाले नळीचे माप एका खास रीतीने सांगत. एक रत्तल शिशातून नळीला बसणाऱ्या जितक्या गोळ्या होतील, तितक्या 'बोअर'ची ती नळी. ॲडम्सचे सैनिकी रिव्हॉल्वर 54 बोअरचे होते. म्हणजे तिची गोळी जवळजवळ पाऊण तोळ्याची. कोल्टचे 'नेव्ही' नावाचे कमरेचे रिव्हॉल्वर घेतले तर गोळी अर्ध्या तोळ्याहूनही कमी. आणि कोल्टच्या खिशातल्या लहान पिस्तुलाची गोळी पाव तोळ्यापेक्षा थोडीशीच जास्त. सोनाराच्या तराजूत घातली तर एखाद्या अंगठीच्या वजनाची! एवढ्याशा शिशाने अंगावर धावून येणारा माणूस थांबतो का?

याचे उत्तर 1857 च्या रणधुमाळीतील एका हकिगतीत मिळते. जॉर्ज फॉस्बरी या अधिकाऱ्याने ती पुढे सांगितली आहे. हा साधा माणूस नव्हे. सरहद्दीवरील 1863 च्या मोहिमेत त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता आणि पुढे त्याने स्वतःही रिव्हॉल्वरची एक नवी जात शोधून काढली. तो सांगतो, एका अधिकाऱ्याला कोल्टच्या नेव्ही रिव्हॉल्वरचा फार अभिमान होता. लढाईत एक धिप्पाड बंडवाला शिपाई तलवार उपसून त्याच्यावर चालून आला. साहेबाने शांतपणे सहाच्या सहा बार काढले. एक हुकला, पाच लागले. तरी तो शिपाई पुढे आला आणि त्याने साहेबाचे डोके दुभंगले. मग तो स्वतःही पडला. फॉस्बरीने ही गोष्ट सांगितली ती जड गोळीचे महत्त्व पटवण्यासाठी. आपण तीतून आणखी एक गोष्ट वाचू शकतो. छातीत पाच गोळ्या घेऊन तलवारीच्या टप्प्यात पोचणारा तो शिपाई कोण होता, त्याचे गाव कोणते, त्याला काय हवे होते, यातले काहीही त्या हकिगतीत आलेले नाही. नाव नाही, गाव नाही; नोंद आहे ती फक्त गोळ्यांच्या संख्येची.

रिव्हॉल्वरची भीती ही पुष्कळशी दिसण्याची भीती होती, असे त्याच्या व्यवहाराकडे पाहिले म्हणजे वाटते. जुन्या टोपीच्या रिव्हॉल्वरची पेटी भरायची म्हणजे प्रत्येक भोकात दारू मोजून घालायची, वर गोळी ठेवून खालच्या दांडीने दाबायची, भोकाच्या तोंडाला चरबी किंवा मेण लावायचे, मग मागे एकेक टोपी बसवायची. चरबी नीट लावली नाही तर एका बाराची ठिणगी शेजारच्या भोकात शिरून दोन-तीन बार एकदम उडत आणि शस्त्र हातातच फुटण्याची वेळ येई. फुटलेल्या टोपीचा तुकडा पेटीत अडकला की पेटी फिरेनाशी होई. काळ्या दारूचा धूर असा की तिसऱ्या बारानंतर समोरचे नीट दिसत नसे. मग सावित्री-कुंडलिकेच्या खोऱ्यातली दमट हवा! आषाढात आठ दिवस भरून ठेवलेले रिव्हॉल्वर नवव्या दिवशी पेटेलच, अशी खात्री कोणी दिली नसती. पहिले पाच बार हीच त्याची पुंजी. ती संपली की रणात पुन्हा भरायला सवड मिळत नसे.

हे झाले साहेबाचे. शिपायाचे काय? कंपनीच्या पायदळातील देशी शिपायाचा पगार महिना सात रुपये होता. विलायती रिव्हॉल्वर म्हणजे त्याच्या कित्येक महिन्यांची कमाई. पण प्रश्न नुसता पैशाचा नव्हता. त्याच्या खांद्यावर सरकारने दिलेली बंदूक आणि टोकाला संगीन; सुभेदार-जमादार झाला तर कमरेला तलवार. रिव्हॉल्वर हे सामान्यतः गोऱ्या अधिकाऱ्याचे लेणे. 1857 नंतर तर सरकारने हा भेद धोरण म्हणूनच पाळला. गोऱ्या पलटणीला नवे शस्त्र द्यायचे आणि देशी पलटणीला तिचे जुने, म्हणजे देशी शिपाई नेहमी एक पायरी खाली राहील. 27 जुलै 1880 रोजी अफगाणिस्तानात मैवंदला इंग्रजांचा मोठा पराभव झाला. त्या रणात मुंबई इलाख्यातील दोन देशी पलटणी होत्या. त्यांच्या हाती जुन्या स्नायडर बंदुका होत्या आणि शेजारच्या गोऱ्या पलटणीकडे नव्या मार्टिनी-हेन्री. शत्रू एक, ऊन एक, तहान एक. बंदुका मात्र दोन जातींच्या.

कोकणातून मुंबईच्या फौजेत भरती होण्याची परंपरा जुनी. मराठे, महार आणि इतर जातींचे तरुण त्यात होते. याच जिल्ह्यातील महाडजवळच्या रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर फौजेत नोकरी करून 1886 साली पेन्शनीत निघाले. त्यांनी लेखणी हाती घेतली आणि अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागले. 1890 नंतरच्या काही वर्षांत सरकारने 'लढाऊ जाती'चे तत्त्वज्ञान काढून महारांची भरती बंद केली, तेव्हा 1894 साली ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून वलंगकरांनी विनंतीपत्र तयार केले. 1818 च्या पहिल्या दिवशी कोरेगावला ज्यांच्या आज्यांनी कंपनीसाठी रक्त सांडले, त्यांच्या नातवांना सरकार म्हणते तुम्ही लढवय्ये नव्हेत! शस्त्राचा इतिहास लोखंडाइतकाच मानाचा इतिहास असतो. बंदूक काढून घेतली म्हणजे पगार जातो, पेन्शन जाते, मुलाच्या शाळेची सोय जाते, आणि गावात ताठ चालण्याचे निमित्तही जाते. सैन्यातली नोकरी ही या मंडळींना वर येण्याची पायरी होती. ती पायरीच काढून घेतली गेली.

दरम्यान रिव्हॉल्वरही बदलत होते. दारू, गोळी आणि टोपी ही तिन्ही एकाच धातूच्या काडतुसात आली. फ्रान्समध्ये लफोशे यांनी, अमेरिकेत स्मिथ आणि वेसन यांनी 1850 ते 1860 या दशकात अशी शस्त्रे काढली. भरण्याचा खटाटोप गेला. काडतुसे सरकवली की झाले, आणि पावसाचे भय जवळजवळ संपले. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या वेब्ली कारखान्याचे आखूड नळीचे रिव्हॉल्वर 1868 साली आयर्लंडच्या पोलिसांनी घेतले. 1872 साली त्याच कारखान्याने खिशासाठी 'बुलडॉग' नावाचे अगदी तोकडे रिव्हॉल्वर काढले. नळी अडीच इंचांची, गोळी मात्र जड. फॉस्बरीच्या हकिगतीचा धडा इंग्रज कारागीर असा शिकले होते. या बुलडॉगच्या नकला बेल्जियमपासून अमेरिकेपर्यंत निघाल्या. 1881 साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली ती अशाच रिव्हॉल्वरमधून. 1887 साली वेब्लीचे मोठे रिव्हॉल्वर इंग्रजी सैन्याचे अधिकृत शस्त्र झाले आणि पुढे दोन महायुद्धांपर्यंत त्याच घराण्याची पिढी चालली.

आता आपल्या मुलखातील मुख्य गोष्टीकडे येतो. 1878 साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा झाला. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे आणि घेऊन फिरणे हा गुन्हा ठरला. पण या कायद्याखालच्या नियमांत युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांना सूट होती. म्हणजे मुंबईच्या एखाद्या गोऱ्या कारकुनाने खिशात बुलडॉग टाकून बोटीने धरमतरला उतरावे आणि पेणच्या बाजारातून खुशाल फिरावे. आणि पेणच्या शेतकऱ्याने डुकरांपासून भात राखायला आजोबांची ठासणीची बंदूक ठेवली तर त्याने परवान्यासाठी कचेरीची पायरी झिजवावी. 1887 साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव झाला तो यामुळेच. कायदा शांततेसाठी आहे असे सरकार म्हणे. शांतता सर्वांची, तर मग बंधन एकट्याचेच का, हा साधा प्रश्न लोकांच्या मनात सलत होता.

कायदा होऊन वर्ष उलटले नाही तोच वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले. पनवेलहून पेणकडे येताना कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागते. 1845 साली तेथे त्यांचा जन्म झाला. पुण्याला लष्करी हिशेबखात्यात ते कारकून होते. हा तपशील महत्त्वाचा आहे. इंग्रजी फौजेची ताकद त्यांनी दुरून पाहिली नव्हती. तिचे हिशेब त्यांच्या हाताखालून जात होते. तिच्याकडे काय आहे हे ठाऊक असून त्यांनी 1879 च्या फेब्रुवारीत रामोशी सोबत्यांना घेऊन शस्त्र उचलले. जवळ काय? तलवारी आणि मूठभर बंदुका. त्याच वर्षी मे महिन्यात दौलतराव नाईकाच्या टोळीने घाट उतरून पनवेलजवळ पळस्पे आणि चिखली येथे दरोडे घातले. मेजर डॅनियलने पाठलाग केला आणि थोड्याच दिवसांत दौलतराव मारला गेला. फडक्यांना जुलै महिन्यात विजापूरकडच्या देवर नावदगी येथे थकून झोपलेल्या स्थितीत पकडले. काळ्या पाण्याची शिक्षा होऊन ते एडनला गेले आणि 17 फेब्रुवारी 1883 रोजी तेथेच वारले.

या बंडाचा निकाल शस्त्रांनी लावला, असे म्हणणे सोपे आहे. तसे पाहिले तर फडक्यांना पकडताना गोळी झाडावी लागली नाही. त्यांना घेरले ते बक्षिसांनी, बातमीदारांनी, तारांनी आणि तापाने. साहेबाचे रिव्हॉल्वर हे त्या सगळ्या यंत्रणेचे दिसणारे टोक होते. त्यामागे कायदा उभा होता, खजिना होता, आगगाडी होती. खिशातले पाच बार संपले तरी मागची यंत्रणा संपत नव्हती, हे त्या शस्त्राचे खरे बळ.

आणि ते बळ अपुरे कुठे पडते, हेही लवकरच दिसले. 22 जून 1897 च्या रात्री पुण्याला गणेशखिंडीत चाफेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गाडीच्या मागून गोळ्या झाडल्या. दोघेही सत्तेची माणसे. पण मागून आलेल्या गोळीपुढे सत्तेचा उपयोग झाला नाही. 1909 च्या डिसेंबरात नाशिकला अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तोपर्यंत फिरत्या पेटीचे दिवस मागे पडून ब्राउनिंगचे आपोआप भरणारे पिस्तुल आले होते आणि ते लंडनहून चोरून आले होते. ज्या वस्तूवर राज्यकर्त्यांनी मक्तेदारी सांगितली, तीच त्यांच्यावर उलटली. वंशावर आधारलेली परवान्याची सूट 1920 च्या सुमारास गेली. स्वतंत्र भारताने 1959 साली नवा शस्त्र कायदा केला. तो 1962 साली अमलात आला आणि 1878 चा कायदा इतिहासजमा झाला.

रोह्याला ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी दसऱ्याच्या सुमारास निघते, तेव्हा पोलीस सशस्त्र सलामी देतात. ही चाल इंग्रजी अमदानीपासूनची आहे आणि आजही चालू आहे. मला या सोहळ्यात मोठा अर्थ दिसतो. ज्या सरकारने गावकऱ्यांच्या हातातली हत्यारे काढून घेतली, त्याच्याच शिपायांनी गावच्या देवापुढे आपली हत्यारे नमवली. माणसाला शस्त्राचा मान नाकारता आला. देवाला मात्र तो द्यावाच लागला. आज ती सलामी आपल्याच पोलिसांची आहे, आणि म्हणून ती पाहताना मन भरून येते.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, देवघरामागच्या कोनाड्यात कधी कधी गंजलेले पिस्तुल सापडते. मंडळी हौसेने सांगतात, हे पेशव्यांच्या वेळचे. त्यावरची खूण पाहावी. मुकुटाखाली जी आणि पी ही इंग्रजी अक्षरे असली तर ते लंडनला तपासलेले; मुकुट आणि एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन राजदंड असले तर बर्मिंगहॅमचे; लंबवर्तुळात ई, एल, जी ही अक्षरे असली तर बेल्जियममधील लिएजचे. फिरती पेटी आणि टोप्यांची बोंडे दिसली तर ते पेशवाईनंतरचे, हे नक्की समजावे. मात्र ते मुलांच्या हाती देऊ नये आणि चाप ओढून पाहू नये. जुना बार आत असू शकतो. पोलीस ठाण्यावर कळवावे आणि योग्य रीतीने एखाद्या संग्रहालयाकडे जाईल असे पाहावे. त्याबरोबर ते घरात कोणी आणले, तो कोणत्या पलटणीत होता की कोणा साहेबाच्या पदरी होता, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहून ठेवावे. लोखंडावरची खूण लंडनचा पत्ता सांगते. तो माणूस पेणचा होता की रोह्याचा, हे मात्र आपणच लिहून ठेवले पाहिजे.